भूमध्य सागराकाठी एकच मुक्काम

युरोपची वाट धरणारी मराठी कुटुंबे आता केवळ मुंबई-पुण्याची राहिलेली नाहीत; कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, नागपूर येथील मध्यम स्थितीतील माणसेही वर्षानुवर्षे थोडी थोडी शिल्लक टाकून एखाद्या उन्हाळी सुट्टीत परदेशी निघतात, आणि ज्यांच्या आजी-आजोबांना काशी-रामेश्वर घडले म्हणजे जन्माचे सार्थक वाटे, त्यांच्या नातवंडांनी जगाचा एवढा पैस पाहावा याचे मला निर्भेळ समाधान वाटते. त्यातही भूमध्य सागराचा किनारा पाहण्याची ओढ अलीकडे विशेष वाढली आहे. ही ओढ सर्वथा उचित आहे. परंतु ती पुरी करण्यासाठी जो बेत आखला जातो त्याच्या मुळाशीच एक दोष राहून जातो, आणि तो वेळीच दूर केला नाही तर शिल्लक व सुट्टी दोन्ही खर्ची पडून पदरात फारसे काही पडत नाही.

दोष असा की बेताचा आरंभ देशांच्या नावांपासून होतो. बार्सिलोना दोन रात्री, नीस एक रात्र, मग रोम, मग व्हेनिस, जमल्यास अथेन्स, अशी यादी प्रथम सिद्ध होते, आणि मग ती यादी सुट्टीच्या दिवसांत कशी बसवावयाची याची खटपट सुरू होते. जिब्राल्टरपासून सीरियाच्या किनाऱ्यापर्यंत साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक पसरलेला, वीसहून अधिक देशांच्या भूमीला स्पर्श करणारा हा सागर अशा रीतीने पाहावयास गेलेला मनुष्य प्रत्यक्षात पाहतो ती विमानतळांची दालने, बसगाडीच्या काचा आणि न्याहारीची वेळ संपत आलेली हॉटेले. ज्या गावी आपण तिसऱ्या प्रहरी पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधून निघालो, ते गाव आपण पाहिले असे म्हणण्याचा अधिकार आपणास पोहोचत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की भूमध्य सागराला जावयाचे तर त्याचा एकच किनारा निवडावा, त्या किनाऱ्यावरील एकाच गावी पंधरा दिवसांचा मुक्काम टाकावा, आणि कोणत्या महिन्यात जावयाचे हे त्या किनाऱ्याच्या ऋतुमानावरून ठरवावे. मला विचाराल तर तो किनारा दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सचा असावा, गाव मार्सेलिस असावे आणि महिना मे असावा. या तिन्ही गोष्टींची कारणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

प्रथम महिन्याविषयी. भूमध्य प्रदेशाचे हवामान आपल्या हवामानाच्या अगदी उलट चालीचे आहे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या पोटातून पाऊस जन्मतो आणि हिवाळा कोरडा जातो. तेथे उन्हाळा संपूर्ण कोरडा, आणि पाऊस शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत पडावयाचा. म्हणून जुलै-ऑगस्टात तेथील डोंगर वाळून कोळ झालेले असतात, पाईनच्या झाडांतील राळ पेट घेण्यास एका ठिणगीची वाट पाहत असते, आणि त्यात उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा जो कोरडा, सोसाट्याचा वारा येतो त्याची साथ मिळाली की वणवा आवरता आवरत नाही. २०२५ च्या जुलैत अशाच एका वणव्याने मार्सेलिसच्या उत्तर वेशीपर्यंत मजल मारली होती आणि तेथील विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला होता. याच दोन महिन्यांत खुद्द फ्रेंच जनता सुट्टीवर निघते, घरभाडी चढतात, आणि समुद्रकाठी चटई पसरण्याइतकी जागा मिळविण्यासाठी पहाटे उठावे लागते.

हा उन्हाळी हंगाम सनातन आहे अशी आपली समजूत असते, ती मात्र बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्याचा हंगाम हिवाळ्याचा होता. इंग्लंडातील धुके आणि थंडी टाळण्यासाठी सधन इंग्रज कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नीस येथे येत आणि वसंत ऋतू संपता संपता परत जात. समुद्रालगतचा जो प्रशस्त हमरस्ता आज त्या शहराचे भूषण आहे, त्याचा आरंभ १८२० नंतरच्या वर्षांत याच इंग्रजांच्या वर्गणीतून बांधलेल्या पाऊलवाटेने झाला. १८६४ मध्ये रेल्वे नीसपर्यंत पोहोचली तेव्हाही प्रवासी येत ते थंडीतच, आणि उन्हाळा लागला की मोठमोठी हॉटेले दारे लावून घेत. १९२३ च्या उन्हाळ्यात मर्फी नावाच्या एका अमेरिकन दांपत्याने आंतीबच्या भूशिरावरील हॉटेलच्या मालकाला हॉटेल उघडे ठेवण्यास राजी केले, आणि उन्हात अंग भाजून घेण्याची नवी रूढी त्या दशकात मूळ धरू लागली. पुढे १९३६ मध्ये लेऑ ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा हक्क कायद्याने दिला, रेल्वेची सवलतीची तिकिटे निघाली, आणि ज्यांनी आजवर समुद्र केवळ चित्रांत पाहिला होता अशी गिरणी-कारखान्यांतील माणसे आपल्या मुलाबाळांसह या किनाऱ्यावर उतरली. युरोपच्या सामाजिक इतिहासातील ही एक अत्यंत उदात्त घटना आहे असे मी मानतो, कारण विश्रांती ही श्रीमंतांची मिरास राहू नये हे तत्त्व तीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर अमलात आले. उन्हाळ्यातील आजची गर्दी म्हणजे या हक्काचेच फळ असल्याने तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु आपण दूरदेशीचे पाहुणे आहोत. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होते आणि त्यांच्या शाळांची जुलैत. ही जी सोय पंचांगाने आपणास आयती करून दिली आहे, ती सोडून त्यांच्या गर्दीत जाऊन उभे राहण्यात शहाणपण कोणते?

मे महिन्यात प्रोव्हान्सचे डोंगर हिरवे असतात, रानातील रोझमेरी आणि थाईम यांचा वास वाटेवर दरवळत असतो, संध्याकाळचा प्रकाश रात्री नवाच्या सुमारापर्यंत टिकतो, आणि ऊन आपल्या माणसाला केवळ सुखद वाटावे इतके असते. समुद्रस्नानाचा ज्यांना विशेष सोस असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मे महिन्यात तेथील पाणी थंड असते. पाणी उबदार हवे असेल तर सप्टेंबर उत्तम. दिवाळीच्या सुट्टीची शिफारस मी करणार नाही, कारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत तेथे थोड्या अवधीत धो धो पाऊस कोसळून ओढ्यांना पूर येण्याचे प्रसंग वारंवार घडतात. मे महिन्यालाही एक खोट आहे, ती आधी समजलेली बरी. १ मे हा कामगार दिन असल्याने बहुतेक दुकाने व संग्रहालये बंद. ८ मे हा दुसऱ्या महायुद्धातील विजयाचा दिन म्हणून सार्वत्रिक सुट्टी. शिवाय ईस्टरनंतर चाळीस दिवसांनी येणारा ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार बहुधा याच महिन्यात पडतो, आणि त्याला जोडून शुक्रवारची रजा घेण्याचा प्रघात तेथेही आहे. हे दिवस आधी टिपून ठेवले आणि मिस्त्राल सुटला तर नावा चालणार नाहीत हे गृहीत धरून चार-दोन दिवस मोकळे सोडले, म्हणजे बेताचा हा भाग पुरा झाला.

आता गावाविषयी. नीस, कान, मोनॅको ही नावे वैभवाच्या वलयामुळे अधिक परिचित आहेत, आणि मार्सेलिसचे नाव निघताच पुष्कळ लोक चोऱ्यामाऱ्यांची भीती घालतात. त्या शहराच्या उत्तर भागातील काही वस्त्यांत अमली पदार्थांच्या व्यापारामुळे रक्तपात होतो ही गोष्ट सत्य आहे, आणि रेल्वे स्थानक व जुन्या बंदराच्या आसपास खिसा-पाकीट सांभाळावे लागते हेही सत्य आहे; परंतु ज्याने दादरच्या पुलावरून आयुष्यभर ये-जा केली त्याला एवढी सावधगिरी अंगवळणी पडलेली असते. उलट पक्षी, हे शहर सव्वीसशे वर्षांचे आहे. इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया या नगरीच्या ग्रीक दर्यावर्दींनी ते वसविले, तेव्हापासून ते अखंड बंदर म्हणून नांदत आले आहे, आणि इटालियन, आर्मेनियन, अल्जेरियन, कोमोरो बेटांवरील अशा नाना देशीच्या माणसांना त्याने पोटात घेतले आहे. केवळ पाहुण्यांच्या खर्चावर जगणारी गावे आणि स्वतःच्या कामाधंद्यावर जगणारे शहर यांत मी दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन.

याखेरीज मराठी माणसाने मार्सेलिस निवडावे याला एक खास कारण आहे. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यापासून विमानांचा जमाना येईतो मुंबईहून निघणाऱ्या आगबोटीने एडन, सुवेझ, पोर्ट सैद या मार्गाने जाणाऱ्या कित्येकांचे पाऊल युरोपच्या भूमीला प्रथम लागले ते याच बंदरात. तेथून आगगाडीने फ्रान्स ओलांडून ते इंग्लंड गाठीत. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी १९३१ च्या ऑगस्टअखेर मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले आणि ११ सप्टेंबर रोजी येथे उतरले. त्याआधी, १९१० च्या ८ जुलै रोजी सकाळी, लंडनहून हिंदुस्थानात खटल्यासाठी आणल्या जात असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून याच बंदरात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच भूमीवर धावत असता त्यांना पकडून पुन्हा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हवाली करण्यात आले. फ्रान्सने आपल्या सार्वभौमत्वाचा भंग झाला म्हणून तक्रार केली, प्रकरण हेग येथील लवादापुढे गेले, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजीच्या निवाड्यात अटक आणि हवाली करण्याच्या कामी अनियमितता झाली हे मान्य करूनही कैदी परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही असे ठरले. शालेय पुस्तकांतून आपण ही उडी शिकलो; परंतु ती जेथे घडली ती जागा पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा मासळीबाजाराच्या शेजारील जुन्या बंदराकडे बोट दाखवून परत येतो. आगबोटी तेथे लागत नसत. त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेच्या बाजूस लांबच लांब बंधारे घालून नवे बंदर उभारले गेले, आणि २०१३ मध्ये उघडलेल्या भूमध्य संस्कृतीच्या संग्रहालयाच्या गच्चीवर उभे राहिले असता त्या बंधाऱ्याची रेषा आजही स्पष्ट दिसते. तेथे अर्धा तास शांतपणे उभे राहावे, एवढी माझी प्रत्येक मराठी प्रवाशाला विनंती आहे.

हा संबंध आगबोटींच्याही पलीकडे जातो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० नंतरच्या दशकात जे उत्खनन झाले त्यात समुद्रदेव पोसायडन याची एक लहान कांस्यमूर्ती सापडली. भूमध्य प्रदेशात घडलेली ती मूर्ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील सागरी व्यापाराबरोबर सह्याद्री ओलांडून पंचगंगेकाठी आली, आणि आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. कल्याण, चौल, पैठण, तेर ही आपली गावे पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात बंदरे व पेठा म्हणून नोंदलेली आहेत. ज्याला भूमध्य सागराची सहल करावयाची आहे त्याने मुलांना घेऊन आधी एक दिवस कोल्हापूरला जाऊन ती मूर्ती पाहावी, असे मी आवर्जून सांगेन. संगणकाच्या पडद्यावर हॉटेलांची चित्रे चाळण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या एका अंशात हे काम होते, आणि मुलांच्या मनात परका समुद्र एकदम आपल्या घराण्याच्या ओळखीचा होतो.

दुसरा धागा चित्रपटाचा. मार्सेलिसहून पूर्वेस आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर ला सिओता हे जहाजबांधणीचे गाव आहे. लुमिएर बंधूंच्या वडिलांची तेथे मोठी वाडी होती, आणि १८९५ मध्ये त्या बंधूंनी तेथील समुद्रात उड्या मारणाऱ्या मुलांचे चित्रीकरण केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या माणसांनी हिंदुस्थानातील पहिला चलच्चित्रांचा खेळ लावला, तेव्हा त्या कार्यक्रमात आगगाडीचे आगमन आणि समुद्रस्नान ही दृश्ये होती. या नव्या खेळाने भारून गेलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादांनी पुढे विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. ला सिओता येथील एडन नावाचे १८८९ चे नाट्यगृह अद्याप उभे आहे आणि दुरुस्तीनंतर २०१३ पासून पुन्हा चालू आहे.

मार्सेलिसच्या सकाळीविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. जुन्या बंदराच्या टोकाशी, फरसबंदीवर, रोज सकाळी काही मोजक्या नावांची मासळी विकावयास येते. निळ्या रंगाच्या उथळ ट्रेमध्ये समुद्राचे पाणी घालून त्यांत मासे जिवंत ठेवलेले असतात. विकणाऱ्या बायका गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, हातातील पाण्याचा डबा सतत ट्रेवर शिंपडत, गिऱ्हाइकाशी मोठ्याने बोलत असतात. लालसर, काटेरी डोक्याचा, विषारी पंख असलेला रास्कास हा मासा प्रथमदर्शनी कोणी घरी नेईल असे वाटत नाही, पण बुयाबेस नावाचा जो केशर घातलेला कालवणवजा पदार्थ या शहराची कीर्ती आहे तो त्याच्यावाचून होत नाही. खडकाळीतील असे उरलेसुरले, न खपणारे मासे कोळी लोक आपल्यासाठी शिजवीत त्यातून हे पक्वान्न निघाले. आज चांगल्या खाणावळीत त्याची किंमत भारी असते, आणि अनेक ठिकाणी ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. दुपारी एकपर्यंत सारे आवरून फरसबंदी धुतली जाते. त्यानंतर गेलेल्याला तेथे मासळीबाजार भरतो याचा मागमूसही लागत नाही.

कोकणातील माणसाला या बंदरात आणखी एक विस्मय वाटतो. धक्क्याच्या दगडावर पाण्याची जी रेघ सकाळी असते तीच संध्याकाळी. आपल्याकडे उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत चार-साडेचार मीटरांचे अंतर पडते, खाडीतील होड्या चिखलात टेकतात, सारे कोळीवाड्यांचे वेळापत्रक तिथीवर चालते. येथे सागर जवळजवळ चहू बाजूंनी बंदिस्त, आणि महासागराकडे उघडणारे जिब्राल्टरचे दार सर्वांत अरुंद ठिकाणी अवघे चौदा किलोमीटर रुंद असल्यामुळे भरती-ओहोटीचा फरक वीत-दीड वीत एवढाच. याच स्थैर्याचा उपयोग करून फ्रेंच शास्त्रज्ञांनी मार्सेलिसच्या किनाऱ्यावर समुद्रपातळी मोजणारे यंत्र बसविले आणि १८८५ ते १८९७ पर्यंतच्या नोंदींवरून फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील साऱ्या उंचीचे शून्य निश्चित केले.

शहराच्या दक्षिणेस कॅसी गावापर्यंत सुमारे वीस किलोमीटर चुनखडीचे शुभ्र कडे समुद्रात उतरले आहेत आणि त्यांच्या मधून निळ्या पाण्याच्या अरुंद खाड्या आत शिरल्या आहेत. त्यांना कॅलांक म्हणतात. २०१२ पासून हा सारा टापू राष्ट्रीय उद्यान आहे. येथील सुजितोँ नावाच्या खाडीत उन्हाळ्यात दिवसाला अडीच हजार माणसे उतरू लागली तेव्हा पायांखाली माती वाहून जाऊन पाईन वृक्षांची मुळे उघडी पडली. म्हणून २०२२ पासून तेथे गर्दीच्या दिवसांत आगाऊ नोंदणी केलेल्या चारशे माणसांनाच प्रवेश मिळतो. नोंदणी विनामूल्य आहे. जून ते सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्यानुसार उद्या डोंगरात जाता येईल की नाही हे सरकारी अंमलदार आदल्या संध्याकाळी जाहीर करतात, आणि धोका मोठा असेल तर वाटा बंद होतात. मे महिन्यात निघणाऱ्यावर हे निर्बंध क्वचितच येतात. तथापि ते ज्या हेतूने घातले गेले तो हेतू आपण मे महिन्यातही पाळला पाहिजे: आखलेल्या वाटेवरूनच चालावे, विस्तवाला हात लावू नये, कचरा परत आणावा. किनाऱ्यावर तपकिरी पाल्याचे थर दिसले तर कोणी अस्वच्छतेची तक्रार करू नये. ती समुद्रतळाशी उगवणाऱ्या गवताची गळलेली पाने असतात, आणि हिवाळी लाटांपासून वाळूचे रक्षण तेच थर करतात.

याच कड्यांखाली सदतीस मीटर खोल पाण्यात तोंड असलेली एक गुहा आँरी कॉस्केर या पाणबुड्याला १९८५ मध्ये सापडली. आत हिमयुगातील माणसांनी काढलेली घोडे, रानबोकड आणि सील यांची चित्रे आहेत, हाताच्या पंजांचे ठसे आहेत. काही सत्तावीस हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा समुद्राची पातळी इतकी खाली होती की किनारा कित्येक किलोमीटर दूर होता आणि माणसे चालत गुहेत जात. पाणी आता वर चढत असल्याने ही चित्रे हळूहळू नष्ट होत आहेत. म्हणून २०२२ मध्ये मार्सेलिसच्या बंदराकाठी तिची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. मुलांबरोबर जाणाऱ्यांनी ही एक जागा मुळीच चुकवू नये.

मुक्काम एका ठिकाणी ठेवला म्हणजे पाहावयाचे राहून जाईल ही भीती निराधार आहे. मार्सेलिसहून नीस व पुढे इटलीच्या सीमेपर्यंत किनाऱ्याने रेल्वे जाते. नीसकडे निघताना उजव्या हाताची बैठक घ्यावी, म्हणजे सेंट राफाएलच्या पुढे एस्तेरेलचे लाल खडक आणि निळे पाणी खिडकीलगत येते. कॅसी स्थानक गावापासून तीन-साडेतीन किलोमीटर दूर आणि उंचावर आहे, तेव्हा उतरल्यावर बसची चौकशी करावी. मार्सेलिसच्या मुख्य स्थानकाबाहेर एकशे चार पायऱ्यांचा भव्य जिना आहे; त्यावरील शिल्पांत फ्रेंच साम्राज्याच्या आशिया व आफ्रिकेतील वसाहती स्त्रीरूपात पहुडलेल्या दाखविल्या आहेत. पारतंत्र्य भोगलेल्या देशाच्या माणसाने सामान बाजूला ठेवून त्या शिल्पांकडे क्षणभर पाहावे.

शाकाहारी मंडळींचा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक बेतात निघतो, आणि तो रास्तच आहे. या किनाऱ्यावर हरभऱ्याच्या पिठाचा वापर विपुल आहे. नीसचा सोका म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एकत्र कालवून तांब्याच्या मोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेले आपले बेसनाचे धिरडेच. वरून मिरपूड भुरभुरून कागदात देतात. मार्सेलिसच्या बाजूला त्याच पिठाच्या शिजवून थापलेल्या व तळलेल्या पानिस नावाच्या चकत्या मिळतात. तुळशीच्या जातीच्या पानांचे वाटण घातलेले शेंगाभाज्यांचे सूप, वांगी-टोमॅटो-भोपळी मिरचीची ऑलिव्ह तेलातील भाजी, उत्तम पाव, चीज, फळे यांवर पंधरा दिवस सुखाने निघतात. दोन ठिकाणी मात्र फसगत होते: कांदा पसरलेली पिसालादिएर ही चपटी भाकरवजा पोळी आणि ऑलिव्हची काळी चटणी दिसावयास शाकाहारी, पण दोन्हींत बहुधा खारवलेली लहान मासळी असते. विचारल्यावाचून घेऊ नये. आणि कोठेही विचारण्यापूर्वी ‘बाँजूर’ म्हणून नमस्कार करावा, कारण दुकानात शिरताच नमस्कार न करता थेट प्रश्न करणे तेथे असभ्यपणाचे समजतात. परदेशी लोक तुटक वागतात अशी जी तक्रार आपण ऐकतो तिचे अर्धे कारण येथे आहे.

संघटित सहलींविषयी माझ्या मनात आकस नाही. वयोवृद्धांना, एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना आणि परभाषेचा धाक वाटणाऱ्यांना त्या सहलींनी जग उघडून दिले, जेवणाखाण्याची काळजी घेतली, हे उपकार मोठे आहेत. माझी मागणी त्या सहली चालविणाऱ्यांकडेच आहे: एकाच किनाऱ्याची, एकाच मुक्कामाची सहलही त्यांनी आपल्या पत्रकात छापावी. युरोपातील किनारी शहरे आता धावत्या पाहुण्यांना कंटाळली आहेत. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसविले. त्याच वर्षीच्या जुलैत बार्सिलोनाचे रहिवासी वाढत्या घरभाड्यांमुळे पाहुण्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांची व्यथा खरी आहे, कारण राहती घरे अल्प मुदतीच्या भाड्याने जाऊ लागली की शिक्षक, परिचारिका, दुकानातील कामगार यांना आपल्याच शहरात घर मिळत नाही. म्हणून मुक्कामासाठी शक्यतो परवानाधारक हॉटेल किंवा यजमान स्वतः राहत असलेले घर निवडावे. जो पाहुणा पंधरा दिवस राहतो, त्याच पाववाल्याकडे रोज जातो, त्याच बसने फिरतो, त्याचा भार गावाला कमी जाणवतो आणि त्याचा पैसा गावात राहतो.

कागदपत्रांच्या बाबतीतही एका किनाऱ्याचा बेत सुटसुटीत ठरतो. शेंगेन प्रवेशपरवान्याचा अर्ज ज्या देशात सर्वांत अधिक काळ मुक्काम असेल त्या देशाच्या वकिलातीकडे करावयाचा असतो. अनेक देशांची खिचडी केली की तो कोणाकडे करावा आणि प्रत्येक रात्रीचा पुरावा कसा जोडावा यातच महिना जातो. अर्ज प्रवासाच्या दिवसाआधी सहा महिन्यांहून लवकर घेतला जात नाही, पंधरा दिवसांहून उशिरा करू नये, आणि त्याला किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याचा दाखला जोडावा लागतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये अर्जांची एकच झुंबड उडते आणि भेटीची वेळ मिळणे दुरापास्त होते. पुढील मे महिन्यात ज्यांना निघावयाचे आहे त्यांनी घराच्या मंडळींना एकत्र बसवून किनारा व गाव या आठवड्यातच ठरवावे, आणि अर्ज जानेवारी संपण्याच्या आत दाखल करावा.